खरे विधान खोटे म्हणून नोंदवून घेण्याबाबत

प्रति,
मा. श्री. शरच्चंद्र उपासनी,
कार्यवाह, सह्याद्री भगिनी वसतिगृह,
बालीगंज, कलकत्ता.

विषय : रविवारच्या चौकशीत अर्जदाराने केलेले खरे विधान खोटे म्हणून नोंदवून घेण्याबाबत.
संदर्भ : खोली सोडण्याबाबत मंडळाची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून, वडिलांची नागपूरला बदली झाल्यापासून आपल्या वसतिगृहात राहते. प्रबंधासाठी लागणारे बकऱ्याचे यकृत ती खिदिरपूरहून बर्फाच्या पेटीत थेट प्रयोगशाळेत नेते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवादिवशी ट्राम बंद पडल्याने ती पेटी घटकाभर जिन्याखाली ठेवावी लागली. स्वयंपाकीण सरलाबाईंना वाटले, पन्ह्यासाठी बर्फ आला. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. त्या बर्फाचे पन्हे मात्र शहरातल्या समस्त मराठी बायकांच्या पोटात गेले.

२. मंडळाने सांगितलेले प्रायश्चित्त अर्जदाराने घेतले. तिचे ताट वेगळे झाले, पाणी वरून ओतले जाऊ लागले. बकरा आपल्या मरणाने मेल्याचा प्राध्यापकांचा दाखला मागण्यात आला. पुढे यकृताऐवजी पालकाच्या भाजीवर संशोधन करावे अशी सूचना झाली. तीही तिने प्राध्यापकांच्या कानावर घातली. हे सारे तिने निमूट सोसले, कारण खोली गेली की वडील येऊन घेऊन जाणार आणि पदवी कायमची राहणार.

३. रविवारी आपल्या मातोश्री गं. भा. प्रेमलताबाई आजारातही खुर्ची मांडून बसल्या होत्या. जनावराचे काही याआधी या वास्तूत आणलेस का, असे त्यांनीच विचारले. त्यांच्या मधुमेहावरचे इन्शुलिनचे इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ अर्जदारच देत असे. तिचे डोके फिरले. ते औषध गुराढोरांच्या पोटातल्या ग्रंथीतून काढतात, असे तिने भर सभेत सांगितले. सांगताना तिला बरे वाटले, हेही येथे नमूद करते.

४. तेव्हापासून बाईंनी सुई टोचू दिलेली नाही. आपण वैद्यांचा काढा सुरू केला आहे. बाई तांब्यामागून तांब्या पाणी पितात, तरी घसा कोरडाच. आज त्यांच्या श्वासाला अति पिकलेल्या फळांचा वास येत होता. महोदय, तो वास कशाचा, हे अर्जदार शिकली आहे. काढ्याने तो जाणार नाही आणि बाईंपाशी आता फार वेळ नाही. डॉक्टर बंगाली, मासे खाणारे, म्हणून त्यांचे म्हणणे त्या मनावर घेत नाहीत. सोवन्यांची मुलगी, म्हणजे अर्जदार, काही झाले तरी खोटे बोलायची नाही, असे मात्र त्या सर्वांना सांगतात.

५. सबब विनंती की, अर्जदार सुडापोटी खोटे बोलली, औषध झाडपाल्याचेच असते, अशी तिची कबुली मंडळाने लिहून घ्यावी, बाईंना वाचून दाखवावी आणि खोटारडेपणाबद्दल तिला आजच्या आज काढून टाकावे. काढल्याखेरीज बाईंचा विश्वास बसणार नाही. खोलीत राहू द्यावे हा तिचा आधीचा अर्ज रद्द समजावा. खरे काय ते आपणांस ठाऊक आहे. ते बाईंना कधीही कळू देऊ नये. जाण्यापूर्वी सरलाबाईंना सुई टोचायला शिकवण्याची परवानगी असावी.

आपल्या होकाराची वाट पाहत खाली जिन्यात बसलेली,
कु. कालिंदी दिगंबर सोवनी
कलकत्ता, २१ एप्रिल १९५४

सोबत :
१. खोलीची किल्ली.
२. इंजेक्शनची पिचकारी व सुया, उकळून घेतलेल्या.