गट क्रमांक सातमध्ये जागा नाही

२ फेब्रुवारी, सोमवार
वाचनालयाने नवीन टूम काढली आहे. सगळ्या गावाने महिनाभर एकच पुस्तक वाचायचं. कादंबरी आहे, एका नावाड्याची. जाडजूड. दर शनिवारी संध्याकाळी घरोघरी गट जमवून चर्चा, आणि महिनाअखेर वाचनालयात समारोप. गटप्रमुख हवे होते. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, तुमच्यासारखा अनुभवी माणूस मिळाला तर फारच छान. हे त्या रांगेतल्या सगळ्यांनाच म्हणत होत्या, पण मला म्हणताना जरा जास्त मनापासून. नाव दिलं. गट क्रमांक सात.
निव्वळ समाजसेवा. संध्याकाळी माझ्याकडे कोणी फिरकत नाही याचा इथे काही संबंध नाही.
संकल्प: रोज तीस पानं.

४ फेब्रुवारी, बुधवार
पानं: चार. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो.
पण प्रमुखाने वाचण्यापेक्षा माणसं हाताळणं महत्त्वाचं, आणि तो माझ्या हातचा मळ. टेलिफोन ऑफिसचा तक्रार विभाग मी नोकरीभर सांभाळला, तोही फारशा तक्रारी न सोडवता.
खुर्च्या मांडल्या. जेवणाच्या टेबलाच्या, गच्चीवरच्या, एक स्टूल. तरी एक कमी पडत होती, म्हणून शिलाई मशीनपुढची हिची खुर्ची पुसून हॉलमध्ये आणली. ही गेल्यापासून ती कोणी हलवली नव्हती. मग एकेका खुर्चीवर बसून पाहिलं. दाराजवळची करकरते. ती उशिरा येणाऱ्याला.

५ फेब्रुवारी, गुरुवार
समोरच्या दारातल्या सिस्टर जिन्यात भेटल्या. रिटायर्ड नर्स आहेत, पण सगळी बिल्डिंग अजून सिस्टरच म्हणते. म्हणाल्या, साहेब, तुमच्या गटात मी आले तर चालेल का?
लगेच हो म्हटलं तर गटाची किंमत राहत नाही. ऑफिसात माझा नियमच होता, पहिल्या खेपेला कोणालाही हो म्हणायचं नाही. माणूस दुसऱ्या खेपेला जास्त गोड बोलतो. म्हणून सांगितलं, जागा भरल्यात, वेटिंगवर टाकतो. त्यांचा चेहरा पडला. म्हणजे मागणी आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
वाचनालयातून फोन. कोपऱ्यावरचा टेलर, त्याची बायको आणि एक शाळेतल्या बाई सातव्या गटासाठी विचारतायत. त्यांनाही वेटिंग. ग्रंथपाल बाईंना कौतुक. म्हणाल्या, सगळ्यात आधी तुमचाच गट भरला. बाहेरच्या बोर्डावर खडूने लिहिलंसुद्धा, ‘गट ७ : जागा नाही’. मुद्दाम जाऊन वाचून आलो. परत येताना वळून पुन्हा वाचला.
उद्या सगळे हातापाया पडत येतील. मग एकेकाला घेऊ.

७ फेब्रुवारी, शनिवार
सहापासून तयार. चहाचं आधण मोठ्या पातेल्यात. बिस्किटं दोन प्रकारची.
सात. कोणी नाही. लोक बोर्ड वाचून भिडस्तपणे मागे राहिले असणार.
साडेसात. जिन्यात पावलं. मी दार उघडायला उठलो तोवर ती समोर वळली. सिस्टरांनी स्वतःच गट काढलाय, क्रमांक अकरा. टेलर, त्याची बायको, शाळेच्या बाई, सगळे तिथेच. हसण्याचे आवाज येत होते. नावाड्याच्या कादंबरीत हसण्यासारखं काय आहे? निदान पहिल्या अकरा पानांत तरी नाही.
बिस्किटं मऊ पडतील म्हणून खाल्ली.

११ फेब्रुवारी, बुधवार
चिरंजीवांचा फोन. गट कसा चाललाय? म्हटलं, नुसता रंगतोय. घरात बसायला जागा नाही. मागून सूनबाईंचा आवाज आला, बाबांचं मन रमलंय, बरं झालं. मग म्हणाला, तुम्ही एकटे असता म्हणून या शनिवारी येणार होतो, पण आता काही काळजी नाही. मी म्हटलं, अरे, मी तरी शनिवारी मोकळा कुठे असतो?
फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी आत्ता काय घालवलं. परत फोन करणार होतो. पण मग गटाचं सांगावं लागलं असतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
संध्याकाळी बेल. धावतच गेलो. सिस्टर. त्यांच्याकडे गर्दी झालीये, दोन-तीन खुर्च्या मिळतील का, पण तुमचीही मंडळी यायची असतील ना? म्हटलं, न्या की, आमची आज उभ्यानेच चर्चा आहे. त्यांनी आत रिकाम्या हॉलकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्हीच या ना साहेब तिकडे. एक खुर्ची वाढवू."
म्हटलं, गटप्रमुखाने दुसऱ्या गटात जाणं नियमात बसत नाही. असा नियम नाही. जावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. तीन खुर्च्या दिल्या. हिची दिली नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
ग्रंथपाल बाईंनी उपस्थिती विचारली. समाधानकारक, म्हटलं. आधण एका कपाचंच ठेवलं.
पानं: एकोणीस. प्रकाश कमी पडतो.

२८ फेब्रुवारी, शनिवार. रात्री
समारोप. एकेका गटाला स्टेजवर बोलावून फोटो. गट सात म्हटल्यावर मी चढलो. फोटोग्राफर म्हणाला, बाकीचे येऊ द्या, थांबतो. मी म्हटलं, येतायत. तो थांबला. सगळा हॉल थांबला. माझे हात कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी सिस्टर उठल्या, वर आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "वेटिंगवर होते ना मी."
तिथेच उतरायला हवं होतं. पण ग्रंथपाल बाईंनी माइक पुढे करून विचारलं, शेवट कसा वाटला? मी म्हटलं, नावाडी सुखी झाला, समाधान वाटलं. हॉलमध्ये लोक एकमेकांकडे बघू लागले. सिस्टरांनी जिन्यात सांगितलं की नावाडी निम्म्यातच जातो. पुढचं सगळं पुस्तक त्याच्या बायकोचं आहे. एकटी नाव चालवते ती.

८ मार्च, रविवार
आठवडाभर दुसरं काही केलं नाही. पुस्तक वाचून काढलं. चष्मा ठीक आहे.
ती पैलतीरावर कोणी नसताना रोज हाक मारते ना, तिथे मी रडलो. ही गेली तेव्हा एवढा रडलो नव्हतो. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. सिस्टरांचं दार वाजवलं. त्या टेलरच्या बायकोबरोबर बाहेर निघाल्या होत्या, चप्पल घालता घालता म्हणाल्या, हो ना, आम्हीही तेव्हा खूप रडलो होतो. आता त्यांचं दुसरं पुस्तक चालू आहे. चिरंजीवांना फोन केला. म्हणाला, बाबा, गाडी चालवतोय. वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी प्रत घेतली, शिक्का मारला आणि तशाच प्रतींच्या ढिगावर ठेवली. मी थोडा वेळ काउंटरपाशी उभा राहिलो. त्यांनी विचारलं, आणखी काही हवंय का?
सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. पण गावात हे पुस्तक न वाचलेला माणूसच उरलेला नाही. शेवटचा मीच होतो.