चोवीसवर ठेवलेलं पाणी

९ डिसेंबर

साहेब, बरं आहे ना? दिसता तर बरे, पण खाल्लंत अर्धंच. भांडकुदळबाई, तुमचं काय? आज कुणाला ढुशी मारली नाहीत ती? पाहुणा कोपऱ्यात, हीटरच्या कांडीला चिकटून. आणि धाकले, तू का गं अशी काळवंडलीस?

झाली टाकीतल्या चौघांची विचारपूस. माझी मीच केली. गुडघे होते तिथेच आहेत.

पाणी चोवीस. सकाळी चोवीस, संध्याकाळी चोवीस. काचेवरच्या पट्टीत एका अंशाचा फरक नाही. ह्यांनीसुद्धा इतकं काटेकोर ठेवलं नसेल.

ह्यांना जाऊन आज तीन महिने. रडू अजून नाही.

१२ डिसेंबर

टाकीतलं पाव पाणी बदललं. आधी हीटर बंद. कांडी तापलेली असताना उघडी पडली की तडकते, हे ह्यांनी शंभरदा सांगितलेलं. मी मान डोलवायची आणि भाजी निवडायची. बशीएवढ्या चपट्या चार माशांचं एवढं काय कौतुक, असं वाटायचं. आता तेच करतेय.

किटलीतलं ऊन पाणी बादलीत मिसळलं आणि कोपर बुडवून पाहिलं. मुलाला अंघोळ घालताना असंच पाहायची. कोपराला गार लागलं. वाटलं, ओतावं अजून थोडं. पण मुलाच्या चिठ्ठीत चोवीस आहे. मग चोवीसच. कोपराला काय अक्कल!

१५ डिसेंबर

चिठ्ठी टाकीच्या कडेला चिकटवलेली आहे, मुलाच्या हातची. रोज दिसते, वाचत नाही. आज पुन्हा वाचली.

‘आई, पाणी २४ वर ठेव. बाबांनी ठेवलं असतं तसं. मला फोनवर बोलता येणार नाही, लिहिता येईल. पण आधी तू लिही.’ खाली पत्ता. शेवटी खोली २०४.

तो पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दारातच मी म्हणाले, “आता कशाला आलास?” एवढंच. ओरडले नाही, शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तो दोन तास टाकीची काच पुसत बसला. मग ही चिठ्ठी लावून गेला.

मी लिहिलं. पहिल्याच आठवड्यात. शाळा नाही पाहिली, मुलाच्याच पुस्तकांवरून अक्षरं गिरवली, पण लिहिलं. चुकलं माझं, म्हटलं. मग दुसरं, तिसरं. आज पाचवं टाकलं.

१८ डिसेंबर

पोस्टमन आला, वीजबिल देऊन निघाला. त्याला विचारलं, पत्र पोचलं नाही तर परत येतं ना? म्हणाला, “खोलीच नसेल तर येतं, आजी. खोली असली की पेटीत पडतं. मग आमचं काम संपलं.”

माझं एकही परत आलेलं नाही. म्हणजे पोचली सगळी. वाचून ठेवून दिली असतील.

बरं.

२१ डिसेंबर

धाकलीच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. पाहुण्यावरही.

२२ डिसेंबर

धाकली गेली. कुंडीत पुरली. हात धुतले, भात टाकला.

२३ डिसेंबर

ह्यांच्या मासेवाल्याकडे गेले. तीस वर्षं ह्यांची बडबड ऐकलेला माणूस. ठिपके सांगितले. त्याने आधी पाणी किती ते विचारलं. मी छाती काढून सांगितलं, चोवीस, एक अंश इकडेतिकडे नाही.

तो म्हणाला, “काकू, ही उबेची जात. तीन महिने गारठवलंत की त्यांना. चोवीस सांगितलं कुणी?”

चिठ्ठी पर्समध्ये होती, पुराव्याला नेलेली. काढून समोर धरली. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

“काकू, हे अठ्ठावीस आहे. इंग्रजी आकडा आहे हा. 28.”

मला इंग्रजी आठ येत नाही असं नाही. फोनवर येतो, घड्याळात येतो. पण तो दिसतो मराठी चारासारखा, आगेमागे सगळं मराठी, मध्येच आकडा तेवढा इंग्रजी असेल हे डोक्यात शिरलंच नाही. कांडीवरच्या आकड्यांशेजारी चिठ्ठी धरून पाहिली असती तरी कळलं असतं. ह्यांनी धुतलं असतं मला. वर हसलेही असते.

औषध दिलं. म्हणाला, दिवसाला एकच अंश चढवा, घाई केलीत तर उरलेलेही जातील. पैसे घेईना. चिठ्ठी औषधाच्या पुडीतच गुंडाळून दिली.

२४ डिसेंबर

पंचवीस. कुणी खाल्लं नाही.

२५ डिसेंबर

सव्वीस. साहेब जरा फिरले.

२६ डिसेंबर

सत्तावीस. भांडकुदळबाईने पाहुण्याला ढुशी मारली. बघत उभी राहिले. दूध उतू गेलं.

२७ डिसेंबर

अठ्ठावीस झालं. पाणी बदलताना कोपर घातलं. ऊन. अगदी मुलाच्या अंघोळीचं.

औषध संपलं म्हणून पुडी उलगडली. चिठ्ठी पुन्हा काचेला लावत होते. वरचा आकडा आता नीट वाचता येतो. मग नजर खाली गेली.

खोली 208.

बसले. तिथेच, ओल्या फरशीवर.

पाचही पत्रं कुणा दुसऱ्याच्या पेटीत. आणि तो? त्याने लिहिलं होतं, आधी तू लिही. तीन महिने त्याची पेटी रिकामी. तो समजला असणार, आई अजून तेच म्हणतेय. आता कशाला आलास.

२८ डिसेंबर

सहावं टाकलं. पाकिटावर आकडा घातलाच नाही. अक्षरांत लिहिलं, दोनशे आठ. आत चार ओळी: तू बरा आहेस ना? जेवतोस ना वेळेवर? पाणी अठ्ठावीसवर आहे, तिघं जगतायत. आई चोवीस वाचत होती रे. उत्तर लवकर लिही.