थिएटर सोडून बाकी सगळं

मी, या गल्लीतल्या सिनेमा थिएटरची मालकीण, वय एक्क्याऐंशी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाशिवाय आणि मजेत असताना हे मृत्युपत्र करते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थोडी तिरसट आहे, ते त्यांनी लिहिलेलं नाही.

१. राहतं घर व बँकेतल्या ठेवी माझ्या एकुलत्या एक मुलाला. पोरगा गुणी आहे. फक्त थिएटर पाडून दुकानं काढायचं खूळ काकांनी त्याच्या डोक्यात भरवलं आहे.

२. ते काका म्हणजे माझे धाकटे दीर. जन्मभर पुढच्या खुर्चीवर पाय टाकून बसले आणि पिक्चरचा शेवट मोठ्यांदा सांगत राहिले. ती खुर्ची त्यांना. न्या भावजी घरी, आणि टाका तंगड्या खुशाल!

३. जुना प्रोजेक्टर कुणी विकू नये. तो आमचे हे चालवायचे. एकदा गडबडीत यांनी शेवटचं रीळ आधी लावलं. हिरो मध्यंतरापूर्वीच मेला आणि नंतर थाटात लग्नाला उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लोक टाळ्या पिटत घरी गेले! दुसऱ्या दिवशी बायका खिडकीवर विचारू लागल्या, "ताई, नवरा जगतो तोच खेळ ना?" तेव्हापासून रडका पिक्चर आला की आम्ही मरणाचं रीळ आधीच उरकून टाकायचो. तक्रार एकाचीही आली नाही.

४. थिएटर. माझ्या पश्चात ते सूनबाईला, असं मी लिहिलं होतं. तिकीट खिडकी तीच सांभाळते, आणि काय सांभाळते! मसुदा वाचून मुलगा म्हणाला, "आई, तुझ्यानंतर ठरवू की." म्हणजे माझ्या माघारी बुलडोझर! माझं टाळकंच सरकलं. काल बक्षीसपत्र नोंदवून थिएटर सूनबाईच्या नावावर करून टाकलं. तिचा कारभार मला या डोळ्यांनी बघायचा आहे. सबब थिएटर आता माझं नाही आणि या मृत्युपत्रातही नाही.

थिएटर पडत नाही, हे कळल्यावर आज अख्खी गल्ली लोटली. मुलगासुद्धा तिकीट काढून आत बसला. मी ऐटीत खिडकीशी गेले. सूनबाईने मान वर न करता सांगितलं,

"हाउसफुल्ल आहे, आई. उद्या या."

मी उद्या जाणार आहे.

मृत्युपत्र करणार : सही
साक्षीदार : १. डॉक्टर, सही २. समोरचा शिंपी, सही
ठिकाण : थिएटरची पायरी
दिनांक : ८ मार्च, शनिवार