शिवप्रियाचा निरोप आणि आमचं दोन मिनिटांचं मौन

सौ. सिद्धम्मा विहीणबाईंना माकणीहून चन्नम्माचा शरणार्थ. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? व्याहीबुवांची साखर आणि आमच्या आरोहीची जीभ (सून तुमची झाली, पण आईविना मी वाढवलेली नात आहे, 'आमची' म्हणायची सवय जात न्हाय) दोन्ही आटोक्यात असावीत. इथलं विचाराल तर धरणात पाणी आहे, गावात माणूस नाही.

आज मन कडू झालंय. शिवप्रिया गेली. कळंबच्या दवाखान्यात बाळंतपणं करणारी शिकलेली नर्स ती. सासू अंथरुणाला खिळली म्हणून बिनपगारी रजा घेऊन इथं आली, आणि सासूचं करून उरलेल्या वेळात मठामागच्या खोलीत आम्हा एकट्या म्हाताऱ्यांचं करू लागली. नखं काढायची, गोळ्या द्यायची, दुपारचं जेवण वाढायची, सगळं आपखुशीनं. हाताची सवय मात्र जुनीच. चटईवरून कुणी उठायला लागलं की म्हणायची, श्वास घ्या, सोडा, हं, आता जोर लावा. आमच्यातले माणिकप्पा एकदा वैतागले, "बाई, मला उठायचंय, बाळंत व्हायचं न्हाय." पण उठले. त्याआधी त्यांना दोघं धरून उठवायचे.

दिवाळीत तिची सासू वारली आणि दवाखान्यानं परत बोलावलं. मग आम्ही तिला वारांत अडकवलं. सोमवारी लेकीनं घर सोडू नये, बुधवारी तर नाहीच, शनिवार वाईट, मधे अमावास्या आली ती आम्हाला पावली. (माणिकप्पांनी एक ग्रहणसुद्धा काढलं, ते कुठल्या मुलखात दिसणार होतं देव जाणे.) तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि एक दिवस माझ्या पायाला तेल चोळता चोळता म्हणाली, "आज्जी, तिथं पोरं वार बघून येत न्हाईत." मी दुसरा पाय पुढं केला.

निरोपाचा कार्यक्रम ठेवला. आमचा पुढारी रणधीर माईक दिसला की जवळ येतोच. या गावात कित्येक वर्षांत सत्कार असा झालेला नाही, होतात त्या शोकसभा. त्यामुळं भाषण त्याचं तेच. शिवप्रियाताईंच्या जाण्यानं गावाची कधीही न भरून येणारी हानी झाली, असं त्यांच्यासमोरच म्हणाला, आणि शेवटी बोलण्याच्या ओघात सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. आणि आम्ही उभे राहिलो! सवयच तशी. गुडघे धरून बसलेल्यांना तीच हात देऊन उठवत होती; मग तीही मान खाली घालून उभी राहिली. कुणाला हसू आलं न्हाय. चूक झाली असं वाटलंच न्हाय, विहीणबाई.

नंतर मी तिची ओटी भरली, एसटी आली, ती बसली. पुण्यातल्या आमच्या पोरांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पाठवली. तेवढे हात खरे असते तर चार ताटं वाढायला परक्याची लेक लागली नसती. आता खोलीला कुलूप आहे. कमिटी नेमू, असं रणधीर म्हणतो. माणिकप्पा दुपारी जेवायला घरातून निघतच नाहीत.

घरातल्या मोठ्यांना शरणार्थ, लहानांना पापा, मधल्यांना सवड असली तर आठवण.

तुमची
चन्नम्मा

ता. क. आरोहीला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत तुम्हाला मी काय सांगावी? तुम्ही तिथं पुण्यात मोठ्या दवाखान्यात नाव घातलंय, तो चांगलाच असणार. पण कळंबलाही चांगलं आहे, आणि तिथं ओळखीची नर्स आहे.

ता. क. दुसरा. शिवप्रियाची भेट व्हावी म्हणून मी पोरीला बोलावतेय, असा अर्थ काढू नका. (काढलात तर आरोहीला सांगू नका.)

ता. क. तिसरा. आरोही नाहीच म्हणाली तर पुण्यातच होऊ द्या, मी रुसणार नाही. फक्त बाळ झालं की मला फोन करू नका. आधी शिवप्रियाला करा. ती मला कळवेल. तिलाही मला फोन करायला काहीतरी कारण पाहिजे ना.