सत्तेचाळिसावा संदर्भ

छत्रपती संभाजीनगर,
रविवार दुपार

अहो,

तुम्ही गेल्यापासून सात महिन्यांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण तुमच्या शेवटच्या पेपरचं काम काल पूर्ण झालं आणि त्यात मी तुमच्या मनाविरुद्ध एक गोष्ट केली. ती मीच सांगितलेली बरी.

गेल्या महिन्यात फरहीन आली. तुमची शेवटची विद्यार्थिनी, आता चितेगावला कॉलेजात शिकवते. दारातच म्हणाली, "काकू, विहिरींच्या खारेपणाचा पेपर मंजूर झाला. पण जर्नलनं रेफरन्सेस त्यांच्या पद्धतीनं करून मागितलेत, महिन्याच्या आत."

मला वाटलं, हे तर आता कॉम्प्युटरच करतो. ती म्हणाली, "नव्यांचं होतं. सरांचे निम्मे संदर्भ इतके जुने आहेत की नेटवर सापडत नाहीत. ते फक्त सरांच्या कार्डांवर आहेत. आणि सरांचं अक्षर..." तुमचं अक्षर मी एकटीच वाचू शकते, हे तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं की.

मग दर रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरून बसलो. मी वाचायची, ती टाइप करायची. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, त्यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. वर्ष कंसात. नियतकालिकाचं नाव तिरपं, खंडाचा आकडा ठळक, शेवटी पानं. शाळेत मराठी शिकवताना मी पोरांच्या स्वल्पविरामांवर इतकी वर्षं लाल शाई ओतली, पण असे कडक परीक्षक मी पाहिले नव्हते. मजा आली मला, खरं सांगते.

आणि वाईटही वाटलं. तुम्ही कितीदा म्हणायचात, "जरा बस इथं, मी वाचतो, तू यादीशी ताडून बघ." मी कधी बसले? कुकर लावायचाय, पेपर तपासायचेत, असंच काहीतरी सांगून उठायची. तुमच्या शेजारी बसून करायचं काम मी तुम्ही नसताना शिकले.

तुम्ही मजकुरात संदर्भांना आकडे दिले होते. यांना आकड्याच्या जागी आडनाव आणि वर्ष पाहिजे होतं. म्हणून एकेक वाक्य वाचून आकडा काढायचा, नाव घालायचं आणि त्या कार्डावर मी बरोबरची खूण करायची, असं चाललं होतं. शेहेचाळीस संदर्भ, शेहेचाळीस खुणा. शेवटी टेबलावर एक कार्ड उरलं. त्यावर खूण नव्हती. नाव होतं काशिनाथरावांचं.

काशिनाथ भावजी, तुमचे संशोधनातले जोडीदार. स्कूटरवर मागं बसून, मांडीवर बाटल्यांचं पोतं घेऊन तुमच्याबरोबर गंगापूरच्या विहिरी पालथ्या घालणारे. उन्हानं रापून दोघं घरी यायचात आणि येसराची आमटी अशी भुरकायचात की मला दुसऱ्यांदा भाकरी थापायला बसावं लागायचं. मग एक दिवस तुम्ही रिप्रिंट घेऊन घरी आलात. दोघांनी मिळून केलेल्या कामाचा पेपर छापून आला होता आणि त्यावर एकट्या त्यांचंच नाव होतं. त्यानंतर वीस वर्षं तुम्ही त्यांचं नाव घरात काढू दिलं नाही.

मी फरहीनला विचारलं, "यांचा संदर्भ कुठंच कसा नाय?"

ती खाली बघत म्हणाली, "पाणी कसं गोळा केलं, तो भाग सगळा त्यांच्याच पद्धतीचा आहे काकू. मी सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, राहू दे."

राहू दे कसं? पोरांनी दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं तुम्ही एका नजरेत ओळखायचात आणि ओरडायचात. मग स्वतःच्या बाबतीत राहू दे? तुमचं दुखणं मला कळत होतं, मी ते रोज पाहिलंय. पण तुमच्या नावावर तुमच्यामागं कुणी बोट ठेवलेलं मला चाललं नसतं.

संदर्भ घालायचा तर पानांचे आकडे पाहिजेत. कार्डावर ते नव्हते, आणि तो रिप्रिंट तुम्ही त्याच दिवशी फाडला होता. नियतकालिकही कधीच बंद पडलंय. म्हणून परवा आम्ही दोघी रिक्षा करून पडेगावला गेलो.

भावजी आता काठी घेऊन चालतात. मला बघून उठायला गेले, तर सुनेनं धरलं. "वहिनी, तुम्ही?" एवढंच म्हणाले. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यानं सांगितलं होतं का, माझं नाव घाला म्हणून?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. व्हय म्हटलं असतं तर म्हाताऱ्याला किती बरं वाटलं असतं. पण मी म्हटलं, "नाय भावजी. त्यांना नको होतं. मी घालतेय."

"मग नका घालू. त्याच्या मनाविरुद्ध नको."

"पद्धत तुमची आहे ना?"

"अर्धी." ते म्हणाले. "निम्मी त्याची. माझी बढतीची मुलाखत होती वहिनी. एकट्याच्या नावावर पेपर पाहिजे होता. पुढच्या पेपरला दोघांचं टाकू, असं मनाशी म्हटलं. पुढचा पेपर झालाच नाय. तो लई हट्टी होता, आणि मी लई उशीर केला."

आतून त्यांनी रिप्रिंट आणला. फरहीननं पानं टिपून घेतली. मग भावजींनी तुमचा मजकूर मागितला. नाकाशी धरून सगळा वाचला, तुमच्या एका वाक्यावर हसले, आणि म्हणाले, "पोरी, लिही." त्यांनी सांगितलेलं वाक्य असं: ही पद्धत दोघांनी मिळून विहिरींवर फिरताना बसवली, पहिल्यांदा छापताना दुसऱ्याचं नाव राहून गेलं, ती चूक ज्यानं छापलं त्याची. पुढं त्यांचं आडनाव आणि वर्ष, कंसात.

फरहीन माझ्याकडं बघायला लागली. अशी कबुली कुणी जर्नलमध्ये छापतं का? मला काय माहीत. संपादकांना तिनं सगळं कळवलं. काल उत्तर आलं. चुकीच्या कबुलीचं शेपूट त्यांनी कापलं, पण 'दोघांनी मिळून' तेवढं ठेवलं, तुमच्या नावासकट. सत्तेचाळिसावा संदर्भही आपल्या जागी बसला.

फोनवर हे सांगितल्यावर भावजी रडले. मग म्हणाले, "वहिनी, आद्याक्षरं बरोबर टाकलीत ना माझी?" म्हटलं, "जागा न सोडता."

तुम्ही रागावला असाल का हो? असाल तर असू दे. असता तर दोन दिवस माझ्याशी बोलला नसतात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे राहून चहा टाकतेस का म्हणाला असतात. तेवढे दोन दिवस मी हसत काढले असते.

एक वचन देते. अंक छापून आला की पोस्टानं धाडणार नाही. फरहीनला घेऊन स्वतः पडेगावला जाईन आणि भावजींना ते पान तुमच्या नावापासून वाचून दाखवीन, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

तुमची,
सुमन