चेंडूकडे बघायचं नाही

पायनी क्रीक, जॉर्जिया
रविवार सकाळ

प्रिय डीलिया,

काल सामना संपल्यावर तुझा फोन आला. "अभिनंदन बाबा, तुमचे बगळे जिंकले," एवढंच म्हणालीस आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवूनही दिलास. आई म्हणाली, "दमली असेल पोर." मी मान हलवली. पण तुझा दमलेला आवाज कुठला आणि रडू आवरलेला कुठला, हे मला एकोणतीस वर्षांत कळायला लागलंय. म्हणून आज चर्चला दांडी मारून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसलोय. आई एकटीच गेली, आणि परत आल्यावर मला चार शब्द ऐकवणार हे नक्की. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, आणि दिलंस तरी मला धड बोलता येणार नाही. पत्राचं एक बरं असतं, ते मधेच ठेवून देता येत नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती क्रमानं सांगू दे. रंगाचं दुकान चालवलेला माणूस मी, खालचा हात वाळल्याशिवाय वरचा देत नाही.

मार्चमध्ये तू साळिंदरांच्या संघाकडे नोकरी धरलीस तेव्हापासून इथे माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली आहे. गावात बगळ्यांच्या ज्या कॉलेजच्या नावानं लोक मुलांची बारशी करतात, त्या कॉलेजच्या हाडवैऱ्याकडे माझी, वेंडेल ऑगलट्रीची मुलगी कामाला! आणि काम तरी काय, तर समोरच्या संघाच्या चित्रफिती बघून त्यांचा बचाव कुठे पोकळ आहे ते शोधायचं. ऑगस्टमध्ये तू सांगितलंस की तुमच्या मोठ्या कोचनं आमच्याच बचावाचा अभ्यास तुझ्याकडे सोपवलाय. "तू त्या गावची ना? मग बघून दाखव. जमलं तर पुढच्या वर्षीच्या नोकरीचं बोलू," असं म्हणाला. त्याच दिवशी आपण दोघांनी ठरवलं, सामना होईपर्यंत फुटबॉलचा विषय काढायचा नाही. मग महिनाभर आपण हवा, आईचे गुडघे आणि कुत्र्याचं पोट यांवर इतकं बोललो, की कुत्र्यालाही लाज वाटली असेल.

इकडे मोसम सुरू झाला. बियाण्यांच्या गोदामामागचं मैदान, सामन्याच्या दिवशी जेवणासाठी तिथे आपल्या त्याच जागेवर ट्रकांच्या पाठी उघडलेल्या, शेगडीवर रस्टीनं लावलेल्या डुकराच्या बरगड्या, आणि घड्या घालायच्या त्याच खुर्च्या. पहिले दोन सामने कुणाशी होते हे तुला माहीतच आहे. दोन्ही संघ मार खायलाच आले होते. त्या दोघांनी मिळून आपल्यावर तीन गुण केले. झालं, रस्टीला आभाळ ठेंगणं झालं. तुला तो आठवतो तसाच आहे, शाळेची बस सोडली पण भोंगा नाही सोडला. "पंधरा वर्षांत असला बचाव बघितला नाही मी! भिंत आहे भिंत!" डॉक्टर व्हर्नन, ज्यानं तुझे दात सरळ केले, तो मात्र हळूच म्हणाला, "अरे, वासरांत लंगडी गाय शहाणी. जरा दम धर." "तू आयुष्यभर कीडच शोधत आलास, तुला चांगलं दिसणार कसं?" रस्टीनं त्याला गप्प केलं. दर सप्टेंबरला आम्ही हेच करतो बघ. दुबळ्यांना झोडपून घेतो, स्वतःच ढोल बडवतो आणि ऑक्टोबरमध्ये तोंड लपवतो. तरी पुढच्या सप्टेंबरला ढोल तयार.

दुसऱ्या सामन्यानंतर आईनं केलेली उकडलेली अंडी टेबलावर मांडून रस्टी बचावाची रचना समजावत होता. अकरा अर्ध्या अंड्यांचे अकरा गडी, मोहरीची बाटली म्हणजे हातानं लांब चेंडू फेकणारा समोरचा पासवाला. मी जवळ गेलो तर त्यानं चक्क त्यावर टॉवेल टाकला! "वेंडेल, राग मानू नकोस गड्या, पण तुझी पोरगी तिकडं. तू जरा शेगडीपाशी बस." मी म्हटलं, "अरे, ती अंडी माझ्या घरची आहेत." "अंडी तुझी, पण रचना आमची." व्हर्नन हसून हसून खोकायला लागला. टॉवेल काढला तेव्हा मधल्या फळीतले दोन गडी गायब होते. ते रस्टीच्याच तोंडात होते.

मला राग नाही आला. मजा वाटली. कारण त्या टॉवेलखाली त्यांनी जे लपवलं होतं त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि जे होतं ते मी वर आपल्या जागेवरून आधीच बघून आलो होतो. स्टेडियममधली आपली ती कोपऱ्यातली उंच, उन्हाची जागा मी अजून सोडलेली नाही. तू सात वर्षांची असताना तिथेच आपण तो नियम केला होता. चेंडूकडे बघायचं नाही. बचावातला एक गडी धरायचा, सगळा सामना त्याच्यावरच नजर ठेवायची, आणि ज्याची नजर चेंडूवर जाईल त्यानं खाली जाऊन उकडलेल्या शेंगा आणायच्या. पहिल्या वर्षी खेपा घालून तुझे पाय दुखले. दुसऱ्या वर्षापासून माझे. तेव्हापासूनच तू चिकित्सक. ओढ्यावरच्या फळीवरून बाकीची पोरं धावत जायची. तू मात्र दोनदा नुसता पाय आपटून बघायचीस आणि तिसऱ्यांदा वजन टाकायचीस. मी पलीकडे उभा राहून म्हणायचो, "ये की गं, मोडत नाही." तू म्हणायचीस, "तुम्हाला कसं माहीत?"

तर या वर्षी मी एकतीस नंबर धरला होता. सगळ्यांत मागे उभा राहणारा, शेवटचा राखणदार. पोरगा चपळ आहे, जीव तोडून खेळतो. पण दुसऱ्या सामन्यात माझ्या लक्षात आलं की चेंडू जमिनीवरून उचलून डाव सुरू व्हायच्या आधी समोरचा एखादा गडी नुसता आडवा पळत गेला, की हा त्याच्याबरोबर चार पावलं ओढला जातो. सवयच आहे त्याची. आणि तो ओढला गेला की त्याच्या पाठीमागे डावीकडे एवढी जागा मोकळी पडते की तिथे रस्टीची बस वळवता येईल. त्या दोन दुबळ्या संघांना तेवढ्या लांब पास टाकणारा गडीच नव्हता, म्हणून ते झाकलं गेलं. भिंत कसली, नुसता पडदा होता तो.

आता माझी पंचाईत बघ. तुला सांगावं तर बगळ्यांशी बेइमानी, आणि तुझ्याशीही. कारण मग ते तुझं काम राहिलं नसतं. आमच्या लोकांना सांगावं तर ते थेट कोचपर्यंत जाणार. दर गुरुवारी इथल्या जेवणघरात आमचे कोच रेडिओवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, आणि रस्टी दर गुरुवारी रांगेत पहिला. या गुरुवारी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "वेंडेल, तुझं डोकं चालतं. बचावावर एखादा जोरदार प्रश्न दे ना." एकतीस नंबर माझ्या जिभेच्या टोकावर होता. एक वाक्य टाकलं असतं तर शुक्रवारच्या सरावात त्यांनी ते भोक बुजवलं असतं, आणि तू रात्रंदिवस डोळे फोडून जे शोधलं असशील ते पाण्यात गेलं असतं. मी म्हटलं, "कोचना विचार, घामानं जर्सीचा रंग जातो का." त्यानं खरंच विचारलं! आणि कोचनी पाच मिनिटं उत्तर दिलं. मी आपली मिठाची गुळणी धरून मक्याची भाकरी खात राहिलो. पण खरं सांगू? आठवडाभर मला एकाच कुतूहलानं पोखरलं होतं. हिला दिसलं असेल का?

काल ऊन असं होतं की बाकाला मांडी चिकटत होती. आई तिचा तो अर्धा बगळ्यांचा किरमिजी, अर्धा तुमचा नारिंगी सदरा घालून आली होती. स्वतः शिवलाय तिनं. लोक वळून वळून बघत होते, ती राणीसारखी चालत होती. रस्टी आणि व्हर्नन आमच्या पुढच्याच बाकावर. पहिल्या अर्ध्यात तुमचा एक गडी आडवा पळाला. एकतीस ओढला गेला. तुम्ही पास टाकला नाही, चेंडू घेऊन उजवीकडून धावलात. मला वाटलं, नाही दिसलं हिला. तिसऱ्या भागात पुन्हा तसंच. गडी आडवा, एकतीस ओढला, पास दुसरीकडेच. रस्टी ओरडला, "नुसते पळतायत लेकाचे, सुचत नाही यांना काही!" आणि त्याच क्षणी, डीलिया, मला तुझा लहानपणीचा पाय दिसला, फळीवर आपटणारा. एकदा. दोनदा.

शेवटच्या भागात तुम्ही तीन गुणांनी मागे होता. तुमचे गडी रांगेत उभे राहिले, आणि तो उंच पोरगा तिसऱ्यांदा आडवा पळायला लागला. चेंडू अजून जमिनीवर होता, आणि मी ताडकन उठून उभा राहिलो होतो. एकतीस ओढला गेला. मागची जागा मोकळी. तुमचा दुसरा गडी त्या जागेत शिरला, वीस यार्डांत त्याच्याजवळ चिटपाखरू नाही. पास निघाला, अगदी बेतशीर. "धर!" मी ओरडलो. आयुष्यभर किरमिजी टोपी घातलेला मी, आपल्याच स्टेडियममध्ये, साळिंदरांच्या गड्याला "धर रे पोरा!" म्हणून ओरडलो. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत पडला आणि निसटला.

सगळं स्टेडियम उसळलं. रस्टी आईला मिठी मारून नाचत होता, "भिंत! म्हटलं नव्हतं भिंत?" बगळे जिंकत होते आणि मला वाईट वाटत होतं. असं कधी होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं. फक्त व्हर्नन वळून माझ्याकडे बघत होता. "वेंडेल," तो म्हणाला, "डाव सुरू व्हायच्या आधीच तू कसा उठलास?"

सामन्यानंतर शेगडीपाशी माझी चौकशी बसली, आणि एकतीसची सवय मला सांगावीच लागली. रस्टीनं मला बरगड्यांच्या ताटावर हात ठेवायला लावला. "शपथ घे. तू तिला सांगितलं नाहीस." मी म्हटलं, "ताटाची शपथ, मी तुम्हालाही सांगितलं नाही आणि तिलाही नाही." "मग तिला कळलं कसं? आम्हाला कुणाला दिसलं नाही!" आई सदऱ्याची नारिंगी बाजू पुढे करून म्हणाली, "तुम्ही अंडी खात होता, ती बघत होती." आत्ता थोड्या वेळापूर्वी व्हर्नन उरलेल्या बरगड्यांचा डबा घेऊन दारात आला होता. म्हणाला, "रस्टी रुसलाय, दोन दिवसांत येईल वळणावर. पण पोरीला सांग, तो एक डाव मी रात्री टीव्हीवर चार वेळा लावून बघितला. आणि तिला म्हणावं, पुढच्या वर्षी आमच्याकडे ये. नाहीतर गुरुवारी मी रस्टीला सोडून स्वतः रांगेत उभा राहून कोचना विचारीन, तिला का घेत नाही."

हे सगळं मी तुला का लिहितोय? कारण आजच्या आमच्या पेपरात छापून आलंय की बगळ्यांचा बचाव अभेद्य होता. तुमच्याकडच्या पेपरात येईल, साळिंदरांना काही सुचलं नाही. आकड्यांच्या तक्त्यात त्या डावापुढे नुसतं 'पास अपूर्ण' असं लिहिलं जाईल, आणि तुझा मोठा कोच ते वाचून तुझ्याबद्दल काय ठरवील ते मला माहीत नाही. ते माझ्या हातात नाही. पण काल रात्री तू त्या आवाजात अभिनंदन म्हणालीस, तेव्हा मला कळलं की तुला वाटतंय आपलं काम वाया गेलं. नाही गेलं गं. चेंडू त्या पोराच्या हातून सुटला, तुझ्या हातून नाही. तू फळीवर दोनदा पाय आपटलास आणि तिसऱ्यांदा वजन टाकलंस. फळी मोडली नाही, हे पलीकडे उभ्या असलेल्या माणसानं बघितलं. मला फार अभिमान वाटतो तुझा. आता एकच राहिलं. एकतीस ओढला गेला तोवर माझी नजर त्याच्यावरच होती, पण पास निघाला आणि मी बावीस वर्षांत प्रथमच, चुकून नव्हे तर जाणूनबुजून, त्याला सोडून चेंडूकडे बघितलं. शेवटपर्यंत बघत राहिलो, कारण तो तुझा होता. तेव्हा नियमाप्रमाणे मी हरलो. सुट्टी मिळाली की घरी ये. शेंगा मी आणतो.

तुझाच,
बाबा