तो प्रोग्रॅम बंद करू नकोस

प्रिय चिमणे,

तू पाचवीत असताना स्वयंपाकघरात भिंतीला टेकून अपूर्णांक सोडवायचीस आणि मी मटार सोलायचे. अडलीस की तू बोलायची नाहीस, नुसतं खोडत राहायचीस, कागदाला भोक पडेपर्यंत. खोडरबराच्या आवाजावरून मला कळायचं.

म्हणूनच, जेव्हा तू आमच्या शाळेसाठी प्रोग्रॅम बनवलास, मूल कुठे थांबतं, काय खोडतं ते पाहून परीक्षेआधीच त्याचं नाव लाल करून सावध करणारा, तेव्हा तो मला परका वाटला नाही. पहिलं लाल नाव आलं ते आमच्या ‘होबाई’चं. समजलं का विचारलं की सगळ्यांच्या आधी “हो बाई!” म्हणणारी मुलगी ती. दशांश चिन्ह कशासाठी असतं तेच तिला ठाऊक नव्हतं. हल्ली मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी बसते. परवा प्रथमच म्हणाली, “नाही बाई, नाही कळलं.” इतकं बरं वाटलं!

मग तू म्हणालीस, मावशी, गणित चांगलं येणारं माणूस कसं सोडवतं तेही त्याला दाखवू. मी महिनाभर तुझे पेपर सोडवले आणि त्याने मलाच लाल ठरवलं. स्टाफरूममध्ये हसून हसून पुरेवाट झाली. चित्रकलेचे सर म्हणाले, “बाई, चांगली शिकवणी बघू का?” तू मात्र हसली नाहीस. जो माझ्या मावशीला ओळखत नाही तो मुलांना काय ओळखणार, म्हणालीस, आणि येत्या सोमवारी तो बंद करायचं ठरवलंस.

मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, उत्तर जुळलं नाही तर आधी आपल्या पायऱ्या तपासा, मग पुस्तकाला नावं ठेवा. मी तपासल्या. फळ्याकडे वळेपर्यंत हल्ली आकडा निसटतो. वयाचं म्हणून मी कानाडोळा करत होते. डॉक्टरांकडे जाऊन आले. विसरण्याचा आजार आहे, नुकती सुरुवात आहे. लवकर आलात, म्हणाले.

तेव्हा प्रोग्रॅम चालू ठेव, त्याचं काही चुकलेलं नाही. तुझ्या आईला मी स्वतः सांगेन, तू घाई करू नकोस. या सत्राअखेर मी शाळा सोडतेय. लाल नावं वर्गशिक्षकांनाच दे, पालकांना नको. घरी आधी धपाटे मिळतात. होबाईची मधली सुट्टी नव्या बाईंकडे सोपव आणि माझी कंपासपेटी होबाईला दे. मी सोडवलेले पेपर ‘चांगलं गणित’ म्हणून ठेवू नकोस. पण पुसूही नकोस, डॉक्टरांना हवे आहेत.

तुझीच,
मावशी